समूहोपचार : स्वरूप, पद्धत आणि नगर जिल्ह्याचे वास्तव

समूह मानसोपचार म्हणजे मनाच्या त्रासाने गांजलेल्या सात-आठ जणांनी, प्रशिक्षित उपचारकाच्या देखरेखीखाली, ठरावीक वारी आणि ठरावीक वेळी एकत्र बसून घेतलेले उपचार. एका डॉक्टरला एकाच तासात आठ रोगी हातावेगळे करता यावेत म्हणून ही पद्धत निघाली, असा एक समज आहे. सुरुवात काही अंशी तशी झालीही. परंतु डॉक्टर काय बोलतो यापेक्षा रोगी एकमेकांशी काय बोलतात याने जास्त फरक पडतो, हे लवकरच ध्यानात आले. वैयक्तिक समुपदेशनात उपचार करणारा एक आणि घेणारा एक असतो. समूहोपचारात गटातला प्रत्येक जण रोगीही असतो आणि शेजारच्याच्या उपचारातला वाटेकरीही. हा मुद्दा सुटला की समूहोपचाराचे एक तर व्याख्यान होते, नाही तर गप्पांचा फड.

१९०५ मध्ये बॉस्टनचे डॉ. जोसेफ प्रॅट यांनी क्षयरोग्यांचा एक ‘वर्ग’ सुरू केला. क्षयावर तेव्हा औषध नव्हते. विश्रांती, मोकळी हवा आणि सकस आहार एवढाच इलाज होता, आणि गरिबाला सॅनेटोरियम परवडत नसे. प्रॅट अशा रोग्यांना आठवड्यातून एकदा बोलावत, प्रत्येकाची रोजची नोंदवही तपासत, वजन घेत. वजन वाढलेल्याचे सगळ्यांसमोर कौतुक होई. हेतू शिकवण्याचा होता, पण वेगवेगळ्या वंशांची आणि पंथांची ही माणसे एकाच आजारामुळे एकमेकांशी बांधली गेली, असे प्रॅट यांना दिसून आले. पुढे व्हिएन्नाहून अमेरिकेत गेलेले जेकब मोरेनो यांनी मनोनाट्याची पद्धत रूढ केली. त्यात रोगी आपला प्रश्न सांगत बसत नाही, तो गटासमोर वठवून दाखवतो. मुलगा बापाची भूमिका घेतो, गटातला दुसरा कोणी मुलगा होतो, आणि इतकी वर्षे एकाच बाजूने पाहिलेले भांडण पलीकडून दिसते.

खरी चालना दुसऱ्या महायुद्धाने दिली. बर्मिंगहॅमजवळच्या नॉर्थफील्ड लष्करी रुग्णालयात मन खचलेले सैनिक इतके येत होते की एकेकाला तासभर देणे अशक्यच होते. तिथे विल्फ्रेड बियॉन आणि जॉन रिकमन यांनी वॉर्डातल्या बेशिस्तीकडेच गटाचा आजार म्हणून पाहिले आणि तो सोडवण्याचे काम सैनिकांवर सोपवले. लष्करी वरिष्ठांना हे मानवले नाही. सहा आठवड्यांत प्रयोग गुंडाळला गेला. हे बियॉन १८९७ मध्ये मथुरेत जन्मलेले. गट काम करायचे सोडून नेत्याच्या तोंडाकडे बघत बसतो, कोणाशी तरी भांडण उकरून काढतो किंवा दोघांच्या जोडीवर भिस्त ठेवून स्वस्थ राहतो, हे त्यांचे निरीक्षण कोणत्याही संस्थेच्या कार्यकारिणीत बसलेल्याला पटेल. त्याच रुग्णालयात नंतर एस. एच. फूक्स यांनी समूह-विश्लेषणाचा पाया घातला. १९७० मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ आयर्विन यालोम यांचे पाठ्यपुस्तक आले आणि समूहोपचार नेमका कशामुळे लागू पडतो, याची मांडणी हाती आली.

यालोम यांनी असे अकरा घटक सांगितले. सगळ्यांचे वजन सारखे नाही. पहिल्या दोन-तीन बैठकांत सर्वांत जास्त काम करते ती ‘हे फक्त माझ्याच वाट्याला आलेले नाही’ ही जाणीव. आपल्याकडे मानसिक त्रासाला लाज चिकटलेली असल्यामुळे माणूस तो वर्षानुवर्षे दडवतो, आणि दडवल्यामुळे तो आपल्यापुरताच आहे असे धरून चालतो. समोरच्या खुर्चीतली चांगल्या घरची दिसणारी बाई ‘मला रात्री तीनला जाग येते आणि पोटात गोळा येतो’ असे सांगते तेव्हा ही समजूत पहिल्यांदा हलते. डॉक्टरने ‘असं अनेकांना होतं’ असे शंभरदा सांगूनही हे घडत नाही. आशेचेही तसेच. आपल्याआधी चार महिने आलेला माणूस आता पुन्हा दुकानावर बसतो, हे डोळ्यांनी दिसते.

आणखी एक घटक परोपकाराचा. नैराश्यातल्या माणसाला आपण कोणाच्याच उपयोगाचे नाही असे वाटत असते. गटात त्याच्या एखाद्या वाक्याचा दुसऱ्याला आधार वाटतो आणि तो तसे बोलूनही दाखवतो. औषधाच्या चिठ्ठीत हे लिहून देता येत नाही. मनातले ओकून टाकण्याला मात्र लोक समजतात तेवढे महत्त्व नाही. नुसते रडून हलके वाटते, पण पुढच्या आठवड्यात गाडी पुन्हा तिथेच येते. भावना बाहेर पडल्यावर त्यांचा अर्थ गटाबरोबर लागला, तर त्या बाहेर पडण्याचा उपयोग.

सर्वांत खोल काम करणारा घटक म्हणजे माणसामाणसांतल्या व्यवहारातून होणारे शिक्षण. माणूस घरी, कामावर, सासरी जसा वागतो तसाच तो थोड्या दिवसांनी गटातही वागू लागतो. म्हणून त्याने आपल्या वागण्याचे वर्णन करण्याची गरज उरत नाही. ते सर्वांसमोर घडतच असते.

एक कल्पित बैठक पाहू. तालुक्याच्या गावी दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरची खोली, गोलात मांडलेल्या खुर्च्या, मध्ये टेबल नाही. कांद्याच्या आडतीवर हिशेब लिहिणारे एक गृहस्थ, एक निवृत्त शिक्षक, पुण्याची नोकरी सोडून घरी परतलेली तरुणी, कर्जाने जेरीस आलेला शेतकरी आणि आणखी तिघे. तरुणी सांगते की तिला दुपारी बारापर्यंत अंथरुणातून उठवत नाही. शिक्षक लगेच म्हणतात, ‘पहाटे उठायचं, दोन किलोमीटर चालायचं, सगळं ठीक होतं.’ तरुणी मान हलवून गप्प होते. चर्चा पुढे सरकू लागते तेवढ्यात उपचारक तिला विचारतात, ‘गुरुजी बोलत होते तेव्हा तुम्ही खाली बघायला लागलात. काय झालं?’ ‘काही नाही.’ थोड्या वेळाने ती म्हणते, ‘घरी आप्पाही असंच करतात. मी तोंड उघडलं की उपाय सांगून मोकळे.’ शिक्षकांचा चेहरा उतरतो. आडतीवरचे गृहस्थ त्यांची बाजू घेतात, ‘ते भल्यासाठीच सांगत होते.’ बराच वेळ कोणी बोलत नाही. मग शिक्षकच म्हणतात, ‘माझी मुलगी फोनवर दोन मिनिटांच्या वर बोलत नाही. कामात असेल, असं मी धरून चाललो होतो.’

या दहा मिनिटांत उपचारकाने सल्ला दिला नाही, निदान सांगितले नाही, शिक्षकांना गप्पही केले नाही. त्याने फक्त खोलीत आत्ता घडलेली एक गोष्ट सुटू दिली नाही. तरुणीने वडिलांना जे कधी म्हटले नव्हते ते वडिलांच्या वयाच्या माणसासमोर म्हटले, आणि आकाश कोसळले नाही. शिक्षकांना आपल्या मायेचा दुसऱ्याला काय अनुभव येतो ते कळले. नवख्या उपचारकाची चूक ठरलेली असते: तो तरुणीला ‘तुमच्या आप्पांबद्दल सांगा’ म्हणतो आणि गट तासभर तिच्या घरी जाऊन बसतो.

असा गट आपोआप जमत नाही. सुरू होण्याआधी उपचारक प्रत्येकाला एकटे भेटतो, त्याची अपेक्षा विचारतो, नियम सांगतो आणि काहींना नाहीही म्हणतो. सात-आठ माणसे ही सोयीची संख्या. पाचाच्या खाली गेले की एकदोघांच्या गैरहजेरीने बैठक मोडते, आणि दहाच्या वर गेले की बुजऱ्याला लपायला जागा होते. बैठक साधारण दीड तासाची, आठवड्यातून एकदा. काही गट बंद असतात: बारा किंवा सोळा बैठकांसाठी तीच माणसे, मध्ये कोणी नवा नाही. काही उघडे असतात; जुने जातात, नवे येतात. शक्यतो दोन उपचारक असावेत, एक स्त्री आणि एक पुरुष असतील तर उत्तम.

गटाची वाटचालही बहुधा एका वळणाने जाते. आधी सगळे गोड बोलतात आणि उपचारकाकडे बघून बोलतात. मग कुरबुरी सुरू होतात: ‘हे एकटेच बोलतात’, ‘नुसतं बोलून काय होणार’. हा टप्पा टाळण्यासाठी धडपडणारा उपचारक गटाचे नुकसान करतो, कारण मतभेद होऊनही नाते टिकते याचा अनुभव इथेच मिळायचा असतो. मराठी गटात यात एक खास अडचण येते. पहिल्या बैठकीतच वयस्कर माणूस ‘काका’ होतो, मध्यमवयीन बाई ‘ताई’ होते आणि उपचारक ‘सर’ किंवा ‘मॅडम’. काकांना तोंडावर ‘मला तुमचं बोलणं लागलं’ म्हणायला तरुण मुलीला जो धीर लागतो, तो पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकात गृहीत धरलेला नाही. नाती पुसायची नाहीत, पण काकांशीही असहमत होता येते हे गटाला हळूहळू शिकवावे लागते.

समूहोपचाराचे सगळे प्रकार असे मोकळ्या संवादाचे नसतात. नैराश्य, चिंता किंवा मंत्रचळ यांसाठीच्या बोधात्मक-वर्तनी गटात विषय आखलेले असतात, घरी करायचा अभ्यास दिला जातो आणि पुढच्या वेळी तो तपासला जातो. छिन्नमनस्कतेसारख्या गंभीर आजारात आधी औषध, झोप आणि अन्न. गटाचे काम नंतर येते आणि तेही साधे असते. ठरल्या वेळी येऊन बसणे, आपले नाव सांगणे, मिळून काही काम करणे. नगरजवळ शिंगवे येथे डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांचे माऊली सेवा प्रतिष्ठान रस्त्यावर सापडलेल्या बेघर मनोरुग्ण स्त्रियांना आसरा देते. अशा स्त्रियांच्या बाबतीत कोणाबरोबर पंगतीला बसून जेवणे हाच माणसांत परतण्याचा पहिला टप्पा असतो. कुटुंबांना सोबत घेण्याची भारतीय वाट आणखी जुनी आहे. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५०च्या दशकात आवारात तंबू ठोकून नातेवाइकांना रोग्यांबरोबर ठेवले आणि कुटुंबांशी एकत्रित चर्चा सुरू केल्या. नंतर वेल्लोरनेही कुटुंबाला बरोबर घेऊन उपचार केले.

महाराष्ट्रात समूहोपचार सर्वांत जास्त रुजला तो व्यसनमुक्तीत. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू केले. तिथल्या निवासी उपचारांत गटचर्चा हा रोजचा भाग असतो, आणि व्यसनातून बाहेर आलेले रुग्णमित्रच पुढे समुपदेशक म्हणून काम करतात. ‘मी फक्त शनिवारी घ्यायचो’ हे वाक्य डॉक्टरपुढे खपून जाईल. स्वतः वीस वर्षे पिऊन बसलेल्या आठ जणांपुढे ते टिकत नाही. नकार हाच ज्या आजाराचा गाभा, त्याला गटाइतका चांगला आरसा नाही. मुक्तांगणने पत्नींसाठी ‘सहचरी’ गट काढला, तोही याच जाणिवेतून: नवरा सुटला तरी बायकोची धास्ती सुटलेली नसते.

अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही चळवळ मात्र वेगळी. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली आणि १९५७ पासून भारतात असलेली ही स्वमदतीची संघटना आहे. तिथे उपचारक नसतो, फी नसते, एकाने बोलताना दुसऱ्याने मध्ये बोलायचे नसते. एचआयव्हीबाधितांचे, कर्करोग्यांचे किंवा मनोरुग्णांच्या पालकांचे आधारगटही याच जातीचे. त्यांचा उपयोग मोठा आहे. पण आधारगटात माणूस आपल्यासारख्यांच्या सोबतीने टिकून राहतो, तर समूहोपचारात त्याने बदलावे अशी अपेक्षा असते आणि त्याची जबाबदारी प्रशिक्षित माणसावर असते. पाटी काहीही असो, हा फरक पाहावा.

अहिल्यानगर (नगर) जिल्ह्याला हा विषय का जवळचा, ते आकडेच सांगतात. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा, १४ तालुक्यांचा हा जिल्हा. २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे ४५ लाख. देशात लाखामागे मानसोपचारतज्ज्ञ ०.७५. हीच सरासरी इथे लावली तरी सगळ्या जिल्ह्याला ३४ तज्ज्ञ येतात, आणि तज्ज्ञ बहुधा शहर धरून राहतात. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दारूच्या आजाराने ग्रस्त असलेल्या दर शंभरांपैकी सुमारे ८६ जणांना उपचार मिळत नसल्याचे आढळले होते. अकोले किंवा पारनेर तालुक्याच्या डोंगरकपारीतल्या माणसाने दर आठवड्याला नगरला जाऊन एकट्याने तासभर तज्ज्ञापुढे बसावे, ही कल्पना कागदावरच बरी.

या जिल्ह्याला गोलात बसण्याचा मोठा अनुभव आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला. गावातल्याच, बहुतेक निरक्षर आणि अनेकदा दलित स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका केले. या बायका ठरल्याप्रमाणे जामखेडला येत, एकत्र बसून आपापल्या गावचे प्रसंग सांगत आणि एकमेकींच्या अनुभवातून वाट काढत. गावोगावी महिला मंडळे झाली. या भागातील स्त्रियांच्या मानसिक आरोग्याचा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. मनाचा त्रास कशातून येतो, असे विचारल्यावर स्त्रियांनी आजारांची नावे घेतली नाहीत. नवऱ्याची मारहाण, मूल किंवा मुलगा नसणे, गरिबी ही कारणे सांगितली. मंडळात जाऊ लागल्यापासून बोलण्याचे धाडस आले, हेही त्यांनी सांगितले. हा समूहोपचार नव्हे; कोणी तसा दावाही केलेला नाही. पण समूहोपचार ज्या जमिनीत धरतो ती जमीन इथे तयार आहे.

याच जिल्ह्यात गटाच्या ताकदीचे दुसरे रूपही दिसले. राळेगणसिद्धीने अण्णा हजारे यांच्या नेतृत्वाखाली दारू हद्दपार केली, तेव्हा पिऊन येणाऱ्याला खांबाला बांधून फटके दिल्याचे प्रकारही घडले, आणि ते लपवले गेले नाहीत. गावाचा फायदा झाला, हे बहुतेक जण मान्य करतात. उपचार म्हणून मात्र याकडे बोट दाखवता येणार नाही. गावाच्या धाकाने पिणे थांबते तोवर थांबते. का प्यावेसे वाटते हा प्रश्न तसाच राहतो, आणि पिणारा खरे बोलण्याऐवजी लपायला शिकतो. समूहोपचारात पुन्हा घसरलेल्या माणसाने ‘काल प्यालो’ असे सांगता येण्याजोगी जागा हवी. ती नसेल तर तो गट उपचारगट नाही, पंचायत आहे.

गावात सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे गुप्तता. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि उपचार करणाऱ्यांवर तो बंधनकारक आहे. गटातल्या शेजाऱ्याला मात्र बांधते ते त्याने दिलेले वचन. पुण्या-मुंबईत गटातली माणसे एरवी भेटत नाहीत. इथे ती एकाच एसटीत, एकाच सोसायटीच्या निवडणुकीत आणि एकमेकांच्या लग्नात भेटतात. म्हणून एका गावचा गट त्याच गावात न करता पाच-सहा गावांचा मिळून तालुक्याला करणे बरे, तेही आठवडे बाजाराच्या दिवशी: बाजाराला गेलेल्या माणसाला कोणी ‘कुठे गेला होतास’ विचारत नाही. नात्यातली, भावकीतली किंवा एकमेकांकडे देणे-घेणे असलेली माणसे एका गटात घेऊ नयेत. वेळापत्रकही पाठ्यपुस्तकातून उचलून चालत नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या पट्ट्यातली कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. त्यांच्यासाठी बंद गट घ्यायचा तर तो पावसाळ्यात सुरू होऊन कोयता हाती घेण्याआधी संपला पाहिजे.

तज्ज्ञ नसताना हे करायचे कोणी, याला जगात एक दाखला आहे. युगांडातील खेड्यांत समूहातील आंतरव्यक्तिक उपचाराची चाचणी झाली आणि २००३ मध्ये तिचे निष्कर्ष आले. थोडक्या दिवसांचे प्रशिक्षण मिळालेल्या स्थानिक माणसांनी स्त्रिया आणि पुरुषांचे वेगवेगळे गट दर आठवड्याला दीड तास, असे सोळा आठवडे चालवले. सुरुवातीला गटात आलेल्यांपैकी ८६ टक्के आणि न आलेल्यांपैकी ९४ टक्के सहभागींत तीव्र नैराश्याची लक्षणे होती. शेवटी गटात आलेल्यांत ती ६.५ टक्क्यांवर उतरली, न आलेल्यांत ५५ टक्क्यांच्या आसपास राहिली. पुढे २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या पद्धतीची पुस्तिका काढली. गट चालवणारी माणसे तज्ज्ञ नव्हती, पण ती मोकाट सोडलेलीही नव्हती. त्यांच्यावर सतत देखरेख होती. आशाताईंवर आणखी एक काम टाकून देखरेखीचे नाव काढायचे नाही, असा या दाखल्याचा अर्थ कोणी लावू नये.

समूहोपचार सर्वांसाठी नाही. आत्महत्येच्या उंबरठ्यावर असलेल्या, तीव्र भ्रमात असलेल्या किंवा नशेत येणाऱ्या माणसाला आधी स्वतंत्र उपचार लागतात. ज्या घरात मारहाण चालू आहे तिथल्या पती-पत्नीला एका गटात बसवणे धोक्याचे: बाई गटात जे बोलेल त्याचा हिशेब घरी चुकता होतो. मोठ्या आघातानंतर लगेच सर्वांना एकत्र बसवून एकाच बैठकीत सगळे वदवून घेण्याची पद्धत एके काळी फार चालली. तिचा फायदा सिद्ध झाला नाही आणि काहींना अपायच झाल्याचे दिसले. या मर्यादा पाळल्या तर नैराश्य, चिंता आणि व्यसन यांत गटातला उपचार एकट्याने घेतलेल्या उपचाराच्या जवळपास बरोबरीचा ठरतो, असे बहुतेक तुलनात्मक अभ्यास सांगतात.

गटात जाण्याआधी काही गोष्टी बिनदिक्कत विचाराव्यात. गट चालवणाऱ्याचे शिक्षण काय, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्याची नोंदणी आहे का, सुरुवातीला स्वतंत्र भेट होणार का, माणसे किती, गुप्ततेचा नियम काय आणि मध्येच सोडायचे झाले तर कसे. कोंडून ठेवणारे किंवा हात उचलणारे ‘व्यसनमुक्ती केंद्र’ कितीही गटचर्चा घेत असले तरी तिथे थांबू नये. जवळ काय सोय आहे ते कळत नसेल, तर केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते.